बेलभंडार न उचललेला माणूस

दत्तूदादा गेल्याचा निरोप सांगलीला आमच्या दैनिकाच्या कचेरीत फोनवरून आला. फोन मिरजेच्या चर्चच्या पाळकांचा होता. आजार, वेळ, दफनाचे ठिकाण एवढे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "त्यांच्या भावाला कळवावं ना? की ते आले तर काही... होईल?" त्या 'काही'मध्ये काय काय मावते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी कळवा म्हणालो. दत्तूदादाचे थोरले भाऊ गणपतआप्पा संध्याकाळच्या एस.टी.ने आले. डोक्याला पटका, पायात वहाणा, चेहऱ्यावर काही नाही. ते दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभे राहिले आणि आत प्रार्थना संपेपर्यंत तिथेच थांबले. फाटकापाशी चर्चच्या मंडळीतले दोन तरुण सहज उभे असल्यासारखे उभे होते. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिले आणि मला विचारले, "मला कशाला रं राखण ठिवलीया? मी काय पळवून न्हेतोय व्हय त्याला?"

दत्तू माझा मावसभाऊ, माझ्याहून वयाने मोठा, म्हणून दादा. त्याच्या आयुष्याची शेवटची वर्षे अशाच राखणीत गेली. त्याच्याकडे सरळ पाहणारा माणूस मला फारसा आढळला नाही. गावाला वाटे, मिशनने याला विकत घेतले. मिशनच्या मंडळीतल्या काहींना वाटे, हा काहीतरी पदरात पाडून घ्यायला आला आहे. बातमीदाराच्या धंद्यात माणूस जे बोलतो त्याच्या मागे काय आहे ते आधी बघतात. त्यामुळे मीही त्यांच्यातलाच एक होतो. हा लेख त्याची थोरवी गाण्यासाठी नाही. जे पाहिले, जे ऐकले आणि जे पडताळून पाहता आले, ते इथे दिले आहे. जे पडताळता आले नाही, ते तसे सांगितले आहे.

औंधच्या पलीकडे आमच्या मावशीचे गाव. विहिरीखाली भिजणारे थोडे उसाचे रान, बाकी जिरायत, आणि घरटी एक माणूस पलटणीत. मावशीच्या घरातून दत्तूदादा पलटणीत गेला. तो तिकडे असतानाच त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिले नाही. पुढे पायाची जखम चिघळली, पेन्शनीवर घरी आला, आणि ती जखम बरी होईना म्हणून मिरजेच्या एका मिशन दवाखान्यात पडला. तिथे महिनोन्महिने राहिला. शेजारच्या खाटेवर सांगलीकडचा एक आंधळा म्हातारा होता, ख्रिस्ती. तो रोज संध्याकाळी वॉर्डातल्या एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करी. त्याला शिव्या देणाऱ्याचेही नाव त्यात असे. दत्तूदादाने मला हे सांगितले ते त्याच्याच शब्दांत देतो. "मला लय राग आला, गड्या. म्हटलं, ह्यो कोन माझं नाव घेऊन कुनाशी बोलतोय? मी पाळत ठिवली. झोपल्याचं सोंग घ्यायचं आन् ऐकायचं. कुनी बघत नसताना काय करतोय, डागदर आला की काय करतोय. पलटनीत सेंट्री केलेला मानूस मी, लबाडी हुडकायला मला काय येळ लागतोय?" मी विचारले, मग सापडली का? त्याने पायाची पट्टी सारखी केली. "न्हाई सापडली," तो म्हणाला. "तितनंच घोटाळा झाला."

त्या घोटाळ्याची परिणती म्हणून त्याने मिरजेतच बाप्तिस्मा घेतला. पाळकांनी नवे नाव सुचवले, ते त्याने घेतले नाही. दत्तात्रय हे नाव आईने ठेवले आहे आणि आई वारली आहे, आता तिला विचारता येणार नाही, असे त्याने कारण दिले. गावाने याचा अर्थ लावला की नाव बदलले नाही म्हणजे अजून काहीतरी काळेबेरे आहे. मंडळीतल्या एका बाईंनीही मला जवळजवळ हेच सांगितले, फक्त शुद्ध मराठीत. घरात त्याचे ताट-तांब्या वेगळे झाले. त्याबद्दल तो बोलला नाही. पण त्याला एक नवी खोड लागली, आणि तिचा लोकांना फार राग येई. कुणी काही विचारले, बैल विकायचा का, पारावरच्या मंडळात नाव घालू का, अमक्याला जामीन राहतोस का, तर तो म्हणे, "इचारून सांगतो." आणि निघून जाई. दुसऱ्या दिवशी उत्तर देई. ते बहुधा विचारणाऱ्याच्या सोयीचे नसे, आणि पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या सोयीचेही नसे.

विचारतो कुणाला, हा गावाचा मोठा प्रश्न होता. मिरजेहून कुणीतरी याला चावी देते, याबद्दल कुणाला शंका नव्हती. मी पाळकांना भेटून सरळच विचारले. ते वैतागलेले दिसले. "मला? अहो, ते मला कधीच काही विचारत नाहीत. ठरवून झालं की येऊन सांगतात. मंडळीत याबद्दल थोडी नाराजीच आहे." मग मी दत्तूदादालाच गाठले. तो हसला. "पेपरवाल्या, तुझ्यापातूर बी आली व्हय ही बातमी? आरं, गुडघ्यावर बसतो, आन् काय. लगीच 'व्हय' म्हटलं की ते माझं असतंय. माझ्या भ्याचं, न्हाईतर माझ्या हावरेपनाचं. रातभर थांबलं की त्याचं काय हाय ते जरा कळतं. कवा कवा न्हाई बी कळत." माझ्या मनात तेव्हा आले ते असे, की ज्याला निर्णयाची जबाबदारी घ्यायची नसते त्याला ही युक्ती फार सोयीची आहे. हे मत मी बरेच दिवस बाळगून होतो.

मग आबा वारले. आबा म्हणजे दत्तूदादाचे आणि गणपतआप्पांचे वडील. तंटा विहिरीवरून उभा राहिला. ती विहीर आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ अशा दोघांनी मिळून खणली होती, पण नाव लागले होते आबांचे. धाकटे भाऊ लवकर गेले. त्यांची विधवा, सोनाकाकी, दोन पोरींना घेऊन विहिरीपलीकडच्या तुकड्यात ज्वारी करून राहिली होती. विहीर डोळ्यांसमोर आणि रान कोरडे. दत्तूदादाचे म्हणणे असे की शेवटच्या दिवशी आबांनी त्याला खाटेजवळ बोलावून सांगितले, सोनीला पाण्याची पाळी द्या, त्या विहिरीत तिच्या नवऱ्याचा घाम आहे. तेव्हा खाटेशी तो एकटाच होता. आप्पा औंधला डॉक्टर आणायला गेले होते. त्यांनी साफ सांगितले की आबा असे काही बोलणे शक्य नाही. पाण्याचे दोन वाटे असतील तर दोघा भावांना पोटापुरते होते. तिसरा वाटा आला की आप्पांचा ऊस संपला. काकीला मिळाले नाही तर पोरींना घेऊन तिला माहेरच्या दारात उभे राहावे लागणार होते. एवढे त्या एका वाक्यावर लटकले होते, आणि ते ऐकणारा माणूस बाटलेला.

खंडोबाच्या देवळात बैठक बसली. मी गेलो होतो. आमच्या भागात कागद नसलेला तंटा तोडायची जुनी रीत आहे: देवापुढचा बेल आणि भंडारा ओंजळीत घ्यायचा आणि बोलायचे. बेलभंडार उचलून खोटे बोलणाऱ्याचा वंश बुडतो, अशी समजूत. एकदा उचलला की पंच पुढे काही विचारत नाहीत, आणि उचलला नाही तर तो माणूस काही बोललाच नाही असे धरतात. आप्पा उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "माझं कायबी म्हननं न्हाई. दत्तूनं बेलभंडार उचलावा. उचलून म्हनला, तर काकीला आजपासनं पानी." सभेत हालचाल झाली. ही मागणी उदार दिसत होती. ती तशी नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला समजले होते.

दत्तूदादा खांबाजवळ उभा होता. तो म्हणाला, "आबा बोललं, ते मी ऐकलं. माझं म्हननं एवढंच."

तात्या म्हणून वयोवृद्ध पंच होते, ते म्हणाले, "बाबा, तुझं म्हननं आमी ऐकलं. आता हात म्होरं कर."

"मला ते चालत न्हाई, तात्या."

"बरं, नसंल चालत. मग तुमच्यातलं पुस्तक आन आन् त्याच्यावर हात ठेव. आमी त्ये बी मानू."

"आमाला त्या पुस्तकातच शपत घिऊ नका म्हनून सांगितलंय. खरं बोलायला ती लागत न्हाई."

मागून कुणीतरी ओरडले, "म्हंजे ह्यो कुठल्याच देवाला भीत न्हाई की!" देऊळ हसले. हसण्यातून वाट काढत सोनाकाकी पुढे आली. ती बायकांच्या बाजूला बसली होती आणि तिने पदर तोंडाशी धरला होता. तो तिने सोडला. "आरं, उचल की रं हळद! चिमूटभर हळद उचलाय काय हुतंय तुला? तुझा देव काय हळदीला भितो व्हय?" दत्तूदादाने तिच्याकडे पाहिले आणि मग खाली पाहिले. त्याचा चेहरा मी तेवढा एकदाच तसा पाहिला. तो म्हणाला, "काकी, इचारून सांगतो." काकी म्हणाली, "जा, इचार जा. दोघं भाऊ आत-बाहेर एकच हायसा."

तिला तसे वाटले यात नवल नाही. मलाही तसेच वाटले होते. धाकट्याने एकदा काकीच्या बाजूने बोलायचे, थोरल्याने शपथ मागायची, धाकट्याने ती नाकारायची आणि पाणी घरात ठेवायचे, असा हा ठरवून केलेला खेळ असू शकत होता. दुसऱ्या दिवशी तो मिरजेला गेला हे खरे. पाळकांनी त्याला सल्ला दिला तोही मला त्यांनीच सांगितला: भंडाऱ्याला हात लावू नका, आणि गावच्या भांडणात पुन्हा तोंडही घालू नका. यातले पहिले त्याने मानले. दुसरे मानले नाही. पुढच्या बैठकीत तो म्हणाला, "माझा सबूद तुमी मानू नका. पर विहिरीतला माझा वाटा माझा हाय, त्याला तर शपत लागत न्हाई? माझी पाळी आजपासनं काकीची." आणि देवळाबाहेर पडला. आप्पांना हरकत घ्यायला जागा उरली नव्हती. त्यांचा वाटा शाबूत होता.

यानंतर संशय कमी व्हावा असे कुणाला वाटेल. तो वाढला. पाण्याचा वाटा फुकट सोडणारा माणूस आमच्या मुलखात कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे याची किंमत मिशनने मोजली असणार हे नक्की झाले. कुणी सांगे कुपवाडला याला बंगला मिळाला, कुणी सांगे विलायतेला जाणार. खुद्द सोनाकाकीने पहिल्या पाळीचे पाणी घेतले नाही. "आज पानी देतोय, उद्या माझ्या पोरी मागंल त्येंच्यात न्ह्यायला," असे तिने शेजारणीला सांगितले. विहिरीवरचे इंजिन चालू राहिले आणि पाणी पाटाने जाऊन ओढ्याला लागले. दत्तूदादा बांधावर बसून ते पाहत राहिला. बंद केले नाही. पुढच्या पाळीलाही तेच. त्यानंतर केव्हातरी काकीने खोरे घेतले. ती त्याच्याशी मात्र बोलली नाही, आणि तो दिसला की पोरींना घरात घेई.

कुपवाडला त्याला बंगला मिळाला नाही. तिथे नव्याने उभ्या राहिलेल्या कारखान्यांपैकी एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो वॉचमन म्हणून लागला आणि जवळच पत्र्याच्या खोलीत राहू लागला. मालकाने एकदा वसुलीला कुणी आले तर मालक बाहेरगावी आहेत म्हणून सांग, असे फर्मावले. दत्तूदादा म्हणाला, विचारून सांगतो. मालक ओरडला, "अरे कुणाला विचारणार? मालक मीच आहे ना!" खरे बोलणारा वॉचमन फाटकावर परवडत नाही, म्हणून मालकाने त्याला आत घेतले आणि सामानाच्या कोठीच्या किल्ल्या त्याच्याकडे दिल्या. हा किस्सा मला मालकानेच सांगितला, आणि त्यातला विनोद त्याच्या लक्षात आला होता. रविवारी दत्तूदादा सायकलने मिरजेला उपासनेला जाई आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसे. जमीन सोडून आलेला माणूस आता मिशनची खोली मागणार, असे मंडळीत बोलले जाई. त्याने ती मागितली नाही. तो मागत नाही यावरही बोलले जाई.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मी त्याच्या खोलीवर गेलो होतो. भाकरी त्याने स्वतः थापली. जेवताना मी शेवटी विचारलेच, "दादा, आबा खरंच तसं बोलले होते का?"

"देवळात सांगितलं तवा तू व्हतास की."

"दुसरं कुणीच नव्हतं का ऐकायला?"

त्याने पातेले माझ्याकडे सरकवले. "कालवन घे," तो म्हणाला. मी नोंद केली की प्रश्नाला उत्तर आले नाही. आमच्या धंद्यात याचा एकच अर्थ करतात, आणि मी तो केला. पुढे कावीळ झाली, ती पोटात उतरली, आणि मिरजेच्या दवाखान्यातून तो परत आला नाही.

दफनाच्या दिवशी एस.टी. स्टँडवर आप्पा मला म्हणाले होते, "गावाकडं ये. बोलायचंय." दत्तूदादाला मूलबाळ नाही. त्याने पाळी तोंडी सोडली होती, आणि तो गेल्यावर ती कायद्याने आणि रिवाजानेही आप्पांकडे येते. सोनाकाकीच्या रानात आज ऊस उभा आहे. मी गेलो तो आप्पा पाणी तोडणार आणि ते पेपरात येऊ नये म्हणून मला बोलावत आहेत, असे धरूनच. ते विहिरीवर भेटले. इंजिनाजवळ बसायला पोते टाकले.

"आबा बोललं व्हतं," आप्पा म्हणाले. "मी डागदर घिऊन आलो व्हतो. डागदर वट्ट्यावर वहाना काढत व्हता, मी गोठ्यातनं आत आलो. दाराआड व्हतो. सगळं ऐकलं. आन् दत्तूनं मला बघितलं."

मी विचारले, त्याने तुम्हाला पाहिले होते?

"नजरंला नजर झाली, आन् काय सांगू? आरं, म्हनून तर मी बेलभंडार काढला. मला ठाव व्हतं, ह्यो उचलनार न्हाई. पर त्याला एक सबूद पुरला असता. 'आप्पाला उचलाय सांगा.' मी खंडोबाम्होरं खोटं उचललं नसतं, माझी छाती न्हाई तेवढी. तिथंच उघडा पडलो असतो. त्यो बोलला न्हाई." त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "मला वाटायचं, राखून ठिवलंय. कवातरी काढंल. पोरीच्या सोयरिकीत काढंल, न्हाईतर ऊस तुटायच्या वक्ताला. इतकी सालं मी वाट बघत व्हतो, गड्या. झोप न्हाई. शेवटी दवाखान्यात गेलो. कुनाला सांगितलं न्हाई. म्हटलं, दत्तू, आता तरी बोल, का बोलला न्हाईस? त्यो म्हनला, 'त्याच रातीला इचारलं व्हतं आप्पा. माझ्या देवाचा तू फास केलास, तवा त्यो कसा लागतो ते कळलं. तुझ्या देवाचा मी करून तुझ्या गळ्यात टाकू व्हय?'"

या संभाषणाला दुसरा साक्षीदार नाही. दवाखान्यात त्या वेळी तिसरे कुणी नव्हते, आणि दत्तूदादा आता नाही. आप्पांनी हे आत्ताच का सांगितले, याचीही मला खात्री करता आलेली नाही. मी त्यांना बेलभंडार उचलायला सांगितले नाही.

मी एवढेच विचारले, की हे मला कशासाठी सांगता? ते म्हणाले, "लिही. माझ्या नावानिशी लिही. आज मी पानी तोडनार न्हाई म्हनतोय. पर म्होरल्या साली पाऊस कमी झाला, विहीर खाली गेली, तर काय करीन ते माझं मला ठाव न्हाई. माझा मलाच भरवसा न्हाई, बाबा. पेपरात आलं, गावानं वाचलं, म्हंजे मला मागं फिराय वाट ऱ्हानार न्हाई." मी बरे म्हणालो. गावात आमचे दैनिक जाते. पारावर ते मोठ्याने वाचतात.

आप्पा उठले आणि त्यांनी इंजिनाचे हँडल मारले. पाणी धक्क्याने पाटात आले. आवाज ऐकून सोनाकाकी खोरे घेऊन बांधापर्यंत आली. आता ती थकली आहे, पोरी सासरी गेल्या आहेत. ती पाटात उतरली नाही. बांधावरूनच तिने एकदा माझ्याकडे, एकदा आप्पांकडे आणि मग पाण्याकडे पाहिले. दत्तू गेल्यावर येणारी ही पहिलीच पाळी होती, आणि ती फुकट येते आहे यावर तिचा विश्वास नव्हता.

"कुनाची पाळी म्हनायची ही?" तिने विचारले.

आप्पा इंजिनाकडे तोंड करून होते. ते वळले नाहीत.

"दत्तूची," ते म्हणाले.

काकीने लुगड्याचा काष्टा वर खोचला, ती पाटात उतरली आणि पाणी आत घ्यायला तिने खोऱ्याने उसाच्या पहिल्या सरीचे मातीचे दार मोडले.